दुकानातील संगणक : दुरुस्ती की नवी खरेदी?

व्यापारी घरात रोकडवही आणि खतावणी यांना पूर्वी जे स्थान होते, ते आज गल्ल्याशेजारच्या संगणकाने घेतले आहे. लक्ष्मीपूजनाला वहीबरोबर त्यालाही कुंकू लागते. वही मात्र कधी बंद पडत नसे. संगणक पडतो, आणि तोही बहुधा जीएसटीचे विवरण भरण्याच्या शेवटच्या दिवशी. अशा वेळी घाईने घेतलेला निर्णय महाग पडतो. म्हणून या वेळी संगणकाची दुरुस्ती आणि खरेदी यांकडे जमाखर्चाच्या नजरेने पाहू.

संगणक आणि त्यातील हिशेब या दोन वेगवेगळ्या मालमत्ता आहेत, हे प्रथम ध्यानी घ्यावे. यंत्र बाजारात पुन्हा मिळते. हिशेब मिळत नाही. आम्हा अलोरेकरांची मोठी बाजारपेठ म्हणजे चिपळूण. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराचे पाणी त्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा मालाबरोबर दुकानांतील संगणकही बुडाले. मालाचा विमा उतरवता येतो. उधारीच्या यादीचा कोण उतरवणार? शिवाय जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२३-२४ च्या विवरणाची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे त्या वर्षाचा हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत सांभाळणे आले.

तेव्हा संगणकासाठी जी रक्कम बाजूला काढाल, तिच्यातील पहिला खर्च हिशेबाच्या प्रतींवर करावा. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरून जोडायच्या डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या गावी किंवा इंटरनेटवरील साठवणीत. दुकान आणि घर एकाच आळीत असेल तर घरी ठेवलेली प्रत पुरापासून सुरक्षित नाही. पुण्यामुंबईच्या नातलगाकडे दर महिन्याला एक डिस्क पाठवणेही चालेल. मात्र वर्षातून दोनदा त्या प्रतीवरून हिशेब खरोखर उघडतो का, हे पाहावे. न तपासलेली प्रत म्हणजे न वठलेला धनादेश.

आता दुरुस्तीकडे वळू. ‘हा संगणक जुना झाला, नवा घ्या’ असा सल्ला मिळाला, तरी स्वस्त उपायांपासून क्रमाने सुरुवात करावी. संगणकाची तारीख सारखी मागे जात असेल, त्यामुळे बिलांवर चुकीची तारीख पडत असेल आणि सरकारी संकेतस्थळे उघडत नसतील, तर बहुधा आतील ‘सीआर २०३२’ हा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. पडदा काळाच राहत असेल, तर रॅमची पट्टी काढून तिचे संपर्कबिंदू खोडरबराने हलके पुसून पुन्हा बसवतात. कोकणच्या दमट हवेत हा उपाय अनेकदा लागू पडतो. यंत्र तापून बंद होत असेल, तर पंख्यावरची धूळ काढून प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट बदलावी. मुळीच सुरू होत नसेल, तर वीज पुरवणारा एसएमपीएस तपासून घ्यावा. विजेच्या चढउतारात तो बऱ्याचदा बळी पडतो, आणि बाकी सारे शाबूत असते.

संगणक चालतो पण अतिशय मंद, ही तक्रार सर्वांत अधिक आढळते. त्यात फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल, तर तिच्याऐवजी एसएसडी बसवावी आणि रॅम आठ जीबीपर्यंत न्यावी. बिले आणि हिशेब एवढेच काम असलेल्या दुकानास २५६ जीबीची एसएसडी पुरते. सात-आठ वर्षांचे यंत्रही त्याने पुन्हा तरतरीत होते. काम सुरू करण्यापूर्वी हिशेबाची प्रत मात्र काढून घ्यावी.

थांबावे कोठे? माझा ठोकताळा असा : दुरुस्तीचा एकूण खर्च तशाच क्षमतेच्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर दुरुस्ती करू नये. दुसरी मर्यादा मायक्रोसॉफ्टने घातली आहे. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि, इंटेलचा प्रोसेसर असल्यास, साधारणपणे आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा प्रोसेसर लागतो. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, त्याच्या बाबतीत ही अट दुर्लक्षू नये.

खरेदीच ठरली, तर पक्के बिल पेढीच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह घ्यावे. संगणकाची मूळ किंमत ४०,००० रुपये असेल, तर १८ टक्के दराने कर ७,२०० रुपये. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यास धंद्यासाठी घेतलेल्या यंत्रावरील हा कर वजावटीस मिळू शकतो. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यास मिळत नाही. आयकरात संगणकावरील घसारा ४० टक्के : पहिल्या वर्षी १६,००० रुपये, दुसऱ्या वर्षी उरलेल्या २४,००० वर ९,६०० रुपये. वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाल्यास पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. जीएसटीची वजावट घेतली असेल, तर त्या रकमेवर घसारा घेता येत नाही. बिलाशिवाय मिळणारी ‘सवलत’ या हिशेबापुढे ठेवून पाहावी. अनेकदा ती सवलत उरतच नाही, आणि हमीही जाते.

मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले संगणक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि आता लहान शहरांतही मिळतात. असा सौदा वाईट नव्हे. मात्र प्रोसेसरची पिढी, डिस्क किती तास चालली आहे, लॅपटॉपच्या बॅटरीची उरलेली क्षमता आणि विंडोजचा अधिकृत परवाना या चार गोष्टी समोर उघडून दाखवायला सांगाव्यात. विक्रेता टाळाटाळ करील, तर तेथून उठावे. आपला जुना संगणक विकताना त्यातील डिस्क काढून घ्यावी. तिच्यात आपल्या ग्राहकांची माहिती असते.

शेवटी पावसाळ्याची तयारी. संगणक जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवावा. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी. आपल्या जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग सहज चांगले मिळत नाही, म्हणून ते वायरमनकडून मोजून घ्यावे. विजा चमकू लागण्याआधीच विजेच्या तारेबरोबर इंटरनेटची तारही काढावी. यंत्र भिजलेच, तर ते चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. आतील डिस्क न सुकवता जाणकाराकडे न्यावी. वीज दिल्याने तिच्यातील वाचण्याजोगा हिशेबही कायमचा जातो.