घरमालकांनो, आधी रोशनदान पाहा

तात्यापारा, ब्राह्मणपारा, बुढापारा इथल्या जुन्या घरांच्या मालकांना ही विनंती. 2000 साली रायपूर राजधानी झालं, बाहेरून शिकायला-नोकरीला येणारे वाढले आणि आपल्यापैकी अनेकांनी मोठ्या खोलीत प्लायचं पार्टिशन टाकून एकीच्या दोन केल्या. किराया दोन खोल्यांचा येऊ लागला, आवाज मात्र एकाच खोलीचा राहिला. पलीकडचा मुलगा पहाटे पीएससीचं मोठ्यानं वाचतो आणि अलीकडचा, रात्रपाळी करून आलेला, कूस बदलत पडतो.

तक्रार आली की आपण भिंतीला फोम चिकटवतो. कुणी अंड्यांचे ट्रेसुद्धा लावतात! त्यानं खोलीतला घुमारा तेवढा कमी होतो, पलीकडचा आवाज अडत नाही. आवाज अडतो तो वजनानं आणि फटी बुजवल्यानं, त्यातही आधी फटी. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली विटांची साधी भिंत 40 डेसिबलच्या वर आवाज अडवते. तिचा शंभरावा हिस्सा उघडा राहिला, तर तीच भिंत जेमतेम 20 वर येते. प्लायची तर गोष्टच सोडा.

फट शोधायला मिस्त्री लागत नाही. रात्री शेजारच्या खोलीत दिवा लावा, इकडचा बंद करा, डोळे अंधाराला सरावू द्या. उजेड दिसेल तिथून आवाजही येतो: मधल्या बंद दाराखालून, पाठीला पाठ लावून बसवलेल्या स्विचबोर्डांतून. पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशीच थांबलंय का, हे मात्र स्टुलावर चढूनच कळेल. थांबलं असेल तर ते छतापर्यंत न्या.

आणि मधल्या भिंतीतलं रोशनदान. त्यात पुठ्ठा, थर्माकोल कोंबू नका. वीट लावून प्लास्टर करा. फक्त एक सांभाळा. मे महिन्यात कूलरशिवाय इथे निभत नाही, आणि कूलरनं आत लोटलेली हवा बाहेर गेली नाही तर खोलीत नुसता दमट उकाडा होतो. तिला अंगणाकडच्या खिडकीतून वाट द्या. कूलरचा स्टँड मधल्या भिंतीला टेकवू नका, पायांखाली रबर घाला.

रात्री 10 नंतर भोंगा वाजला तर पोलिसांना बोलावता येतं, प्लायपलीकडच्या घोरण्यासाठी कुणी येणार नाही. नवा किरायेदार येण्याआधी एक रात्र त्या खोलीत स्वतः झोपून पाहा.