बाबा आलेत, हळू बोला

बुधवारी सकाळी बदलापूरला गाडी लागली आणि लागताक्षणीच भांडण पेटलं. कारण नेहमीचंच. उल्हासनगर-अंबरनाथची मंडळी उलट्या दिशेनं बदलापूरपर्यंत 'रिटर्न' येऊन जागा धरून बसलेली आणि बदलापूरकर अर्धा तास फलाटावर ताटकळलेले. आज तो विषय नको. आज मला एका डब्याबद्दल लिहायचं आहे.

भांडणारे दोघंही पंचेचाळिशी ओलांडलेले. "पास आम्हीपण काढलाय"पासून सुरुवात झाली, मग आई-बहीण निघाली, मग कॉलर धरली गेली. त्या ओढाताणीत रिटर्नवाल्याची पिशवी रॅकवरून खाली आली आणि डबा उघडला. चपात्या, मेथीची भाजी, लोणच्याची छोटी पुडी. तो माणूस भांडण तिथंच सोडून खाली बसला आणि लोकांच्या बुटांमधून एकेक चपाती उचलून डब्यात ठेवू लागला. ती आता खाता येणार नाही, हे त्यालाही कळत होतं. हात थरथरत होते. कुणाकडेही न बघता तो म्हणाला, "चारला उठते हो ती."

ज्यानं कॉलर धरली होती, तो वाकला आणि भाजीची वाटी शोधू लागला. कल्याण येईपर्यंत त्या दोघांच्या आसपास कुणी बोललं नाही.

बदलापूर ते मुंबई ६८ किलोमीटर. जाताना दीड तास, येताना दीड तास, तेही बहुतेकदा उभ्यानं. गर्दीत चिरडलेला, साहेबाचं ऐकून आलेला, हप्त्याच्या चिंतेत असलेला पुरुष 'मला भीती वाटते' असं म्हणत नाही. त्याला ते कुणी शिकवलेलंच नसतं. चिडण्याची मुभा मात्र लहानपणापासून असते. डॉक्टर सांगतात की पुरुषांमधलं नैराश्य पुष्कळदा रडण्यातून नव्हे, चिडचिडीतून बाहेर येतं. तिच्यामागे अपुरी झोप, दारू किंवा थायरॉइडही असू शकतो. २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांतले सुमारे ७२ टक्के पुरुष होते. मला हा आकडा आणि ती चिडचिड वेगवेगळ्या गोष्टी वाटत नाहीत.

पण गाडीतलं भांडण निदान चारचौघांत होतं, सोडवायला माणसं असतात. संध्याकाळचं काय?

आमच्या बिल्डिंगमध्ये साडेआठच्या सुमाराला एक मोटरसायकल येते. स्टँड लावल्याचा आवाज झाला की दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरातला टीव्ही बारीक होतो. रोज. तो आवाज मला ओळखीचा आहे. माझे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की आई म्हणायची, "बाबा आलेत, हळू बोला." त्यांनी आमच्यावर कधी हात उगारला नाही. तरी त्या चपलांचा आवाज अजून माझ्या पोटात आहे.

आणि दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी तिच्या भावाला हलक्या आवाजात सांगताना मी ऐकलं, "आज बाबांना काही विचारू नकोस." त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या आठवड्यात मी समुपदेशकाकडे गेलो.

तिथं मला एक अक्षर सापडलं. अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५मध्ये विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत मांडली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती रुजवली. प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दल आपण धरलेला हट्ट माणसाला पेटवतो, असं ही पद्धत सांगते. मराठीत तो हट्ट एका 'च'मध्ये बसतो. त्यानं सरकायलाच हवं. जेवण गरमच हवं. मुलांनी पहिल्या हाकेलाच यावं. 'च' काढून वाक्य पुन्हा मनात म्हणायचं. त्यानं सरकायला हवं. सरकला तर बरं, नाही सरकला तर उभ्यानं जाऊ. इच्छा तीच राहते, पण जबड्याची पकड सुटते. मला हे जमायला आठ महिने लागले आणि अजूनही रोज जमत नाही.

दुसरं केलं ते असं : स्टेशनहून रिक्षा सोडली. वीस मिनिटं चालतो. घरात शिरल्यावर पहिलं वाक्य खरं बोलतो. "आज सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली, अर्धा तास गप्प बसू दे." बायको म्हणाली, लग्नाला एकोणीस वर्षं झाली, हे वाक्य आधी का नाही बोललास?

राग वाईट असतो, असं मी म्हणणार नाही. २० ऑगस्ट २०२४ला हेच बदलापूर शाळेत अत्याचार झालेल्या चिमुरड्या मुलींसाठी रुळांवर उतरलं होतं आणि त्या दिवशी चीड आली नसती तर आम्ही माणसं कसली? पण तो राग कुणाच्या बाजूनं होता, हे स्पष्ट होतं. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून आपटलेलं ताट कुणाच्या बाजूनं असतं? आणि हात उचलला, तर त्याला राग म्हणू नये. ती मारहाण आहे. बायकांनी ती 'त्यांचा स्वभावच तापट' म्हणून झाकू नये. त्यासाठी कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा आहे, पोलिसांचा ११२ क्रमांक आहे.

ज्यांना समुपदेशकाकडे जायचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस सेवा आहे. १४४१६. फोन फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं.

आणि रोज माझ्यासोबत उतरणाऱ्या भावांनो, आज घरी गेल्यावर मुलांना एकदा विचारा : मी दारात आलो की तुम्हाला काय वाटतं? उत्तर यायला वेळ लागेल. तोवर मध्ये बोलू नका.