काडीवरची कोंबडी आणि दाण्याची चटणी

“मुलाने बालीची तिकिटे काढली आहेत, डॉक्टर. तिथे आम्ही खायचे काय?” हा प्रश्न हल्ली दवाखान्यात वरचेवर येतो. विचारणारे सत्तरीच्या आसपासचे असतात. एकाला मधुमेह, दुसऱ्याला रक्तदाब. मांसाहार करणाऱ्यांना मी निःशंकपणे एक पदार्थ सुचवतो : साते. तो कोंबडीचा असेल तर ‘साते आयाम’. मात्र सोबत एक अट घालतो, आणि ती मला माझ्या थोरल्या बहिणीच्या ग्लुकोमीटरने शिकवली.

साते म्हणजे बांबूच्या किंवा नारळाच्या हिराच्या काडीत ओवून निखाऱ्यावर भाजलेले मांसाचे लहान तुकडे. निखारे बहुधा नारळाच्या करवंटीच्या कोळशाचे असतात आणि विक्रेता पंख्याने ते सतत फुलवत असतो. जावाच्या ईशान्येला असलेल्या मादुरा बेटावरचे विक्रेते या पदार्थासाठी देशभर प्रसिद्ध आहेत. एका ताटलीत साधारणपणे दहा काड्या येतात. त्यांवर दाण्याची दाट चटणी, कच्चा बारीक कांदा, मिरची, लिंबाची फोड, आणि शेजारी ‘लोंतोंग’, म्हणजे केळीच्या पानात घट्ट शिजवलेल्या भाताच्या चकत्या. दक्षिण अमेरिकेतून निघालेला भुईमूग युरोपीय दर्यावर्दींमुळे आशियात पोहोचला. आपल्याकडे त्याचे कूट उपवासाच्या आमटीत गेले, तिकडे ते या चटणीत गेले. त्यामुळे मराठी जिभेला ही चव पहिल्याच घासाला ओळखीची वाटते. गफलत होते ती नेमकी येथेच.

आम्ही योग्याकार्ताला होतो. अक्का बहात्तर वर्षांची, मधुमेह जुना, गोळ्यांवर ठीक चाललेला. तिने दहा काड्या आणि लोंतोंग आवडीने संपवले, ताटलीतली चटणीही निपटून घेतली. दोन तासांनी साखर 268 भरली. एरवी जेवणानंतर ती 180 च्या आसपास असते. भाच्याने तत्काळ फर्मान काढले, “आई, उद्यापासून बाहेरचे बंद. बॅगेत उपमा आणि मेतकूट आहे.” अक्का काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र “तुम्ही जाऊन या, मी खोलीतच थांबते” असे म्हणाली. एका आकड्यापायी तिचा प्रवासच संपण्याच्या बेताला आला होता. मलाही त्या रात्री दोष कोंबडीचा वाटला नव्हता, भाताचा वाटला होता. तोही अर्धाच खरा होता.

दुसरा गुन्हेगार होता ‘केचाप मानिस’. हा ताडगुळात आटवलेला, काकवीसारखा दाट काळा सोया सॉस. मांस भाजताना तो लावतात, चटणीत मिसळतात आणि वाढताना वरूनही ओततात. त्याच्या एका मोठ्या चमच्यात चहाचे दोन चमचे तरी साखर असते, आणि मीठही पुष्कळ. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी सांगितलेली मिठाची मर्यादा 5 ग्रॅमपेक्षा कमी आहे. तिचा मोठा वाटा या एका ताटलीत संपू शकतो. दाण्याला मी दोष देणार नाही. त्यात प्रथिने भरपूर असतात. पण 100 ग्रॅम दाण्यांत सुमारे 50 ग्रॅम स्निग्धांश असल्याने जठर सावकाश रिकामे होते आणि साखर उशिरा चढते. म्हणून अशा जेवणानंतर दोन तासांचा आकडा बरा आला, तरी मी तीन-साडेतीन तासांनी पुन्हा पाहायला सांगतो.

अट ती हीच : चटणी वेगळी मागावी. “बुंबुन्या दिपिसाह, या” एवढे म्हटले की विक्रेता ती वाटीत वेगळी देतो. “तान्पा केचाप” म्हणजे काळा सॉस नको, आणि “तिदाक पेदास” म्हणजे तिखट नको. ही तीन वाक्ये कागदावर लिहून बरोबर ठेवावीत. दाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र वाटी वेगळी घेऊनही धोका पत्करू नये. शेगडी आणि चमचे एकच असतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास चटणीची चव बोटावरच घ्यावी.

सोबत जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. काडी तोंडात घालू देऊ नका. काट्याने तुकडे ताटलीत उतरवून घ्या. कवळी असलेल्यांना, किंवा पक्षाघातानंतर गिळायला त्रास होणाऱ्यांना काडीचे टोक आणि चिवट तुकडा दोन्ही घातक. बालीत ‘साते लिलित’ मिळते : वाटलेले मांस किंवा मासळी, खोबरे आणि मसाला काडीला किंवा गवती चहाच्या दांड्याला थापून भाजलेले. ते मऊ असते. फक्त त्यात कोळंबीचा खारा गोळा असू शकतो आणि बालीत डुकराचे सातेही सर्रास मिळते, म्हणून आधी विचारावे. दुसरी गोष्ट इन्शुलिनची. ताटली समोर आल्यावरच इंजेक्शन घ्या. गर्दी असली की निखाऱ्यावरची पाळी लांबते आणि तेवढ्यात साखर उतरते. बालीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. मात्रांच्या वेळा निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

डोळ्यांसमोर भाजलेले, आतपर्यंत पांढरे झालेले, गरम मांस खायला रस्त्याकडेलाही मी भीत नाही. आधीच भाजून ठेवलेल्या काड्या आणि दुपारपासून उघडी असलेली चटणी मी टाळतो. काळा करपलेला भाग कापून टाकावा.

दुसऱ्या संध्याकाळी अक्काला आग्रह करून त्याच गाडीवर नेले. सहा काड्या, लोंतोंगच्या तीन चकत्या, चटणी वाटीत. ती तुकड्याचे टोक बुडवून खात होती. दोन तासांनी 181, झोपण्यापूर्वी 176. भाच्याने आकडे पाहिले आणि बॅगेतल्या उपम्याचा विषय काढला नाही. अक्काने मात्र बालीत साते लिलित कुठे चांगले मिळते, याची चौकशी हॉटेलच्या मुलीकडे सुरू केली होती.