कुलवृत्तांतातील कोरा रकाना

हरिहरेश्वर हे कोकणातील अनेक घराण्यांचे कुलदैवत. श्रीवर्धनच्या भट घराण्याची, म्हणजे पेशव्यांचीही येथे श्रद्धा होती. ‘दक्षिण काशी’ म्हणून ख्यात असलेल्या या क्षेत्री कुलाचारासाठी येणाऱ्या कुटुंबांना आपले गोत्र आणि मूळ गाव ठाऊक असते. कित्येकांच्या घरी छापील कुलवृत्तांतही असतो. पूर्वजांचे स्मरण जपणारा हा संस्कार अभिमानास्पद खराच. मात्र त्या वंशावळीत एक रकाना बहुधा कोराच राहतो : कोण, कोणत्या वयात, कशाने गेले?

हा प्रश्न अशुभ नव्हे, तो प्राण वाचविणारा आहे. हृदयाचा स्नायू जाड वा दुर्बळ करणारे काही विकार आनुवंशिक असतात. ऐन तारुण्यातील आकस्मिक मृत्यूमागे कधी कधी हेच कारण असते. यांपैकी अनेक विकारांत सदोष जनुक माता किंवा पित्याकडून अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते.

हैदराबादच्या ‘सीसीएमबी’तील डॉ. कुमारसामी थंगराज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याबाबत मोलाचे संशोधन प्रसिद्ध केले. हृदयस्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकातून २५ अक्षरे गळालेली असणे भारतीय उपखंडात सुमारे चार टक्के लोकांत आढळते आणि त्याचा हृदयविकाराशी संबंध आहे, असे त्यांनी दाखविले. पुढील संशोधनाने या निष्कर्षाला मर्यादाही घातली : नुसत्या या त्रुटीपेक्षा, काही जणांत तिच्यासोबत आढळणारा त्याच जनुकातील दुसरा बदल अधिक घातक ठरतो. स्वतःचाच निष्कर्ष पुन्हा तपासणे हे विज्ञानाचे दौर्बल्य नव्हे, बळ आहे.

ही त्रुटी युरोपीयांत जवळपास आढळत नाही. म्हणजेच भारतीयांचे आरोग्य परकीय नमुन्यांवरून पुरते उमगणार नाही. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची ‘जीनोम इंडिया’ने सिद्ध केलेली माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली, तिचे महत्त्व यातच आहे.

आणखी एक बोध समाजाने घ्यावा. ही त्रुटी सुमारे ३३ हजार वर्षांपूर्वी उद्भवली असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे. ती जात, भाषा, पंथ यांच्या सीमा ओलांडून आढळते. उच्चनीचतेचा अहंकार बाळगणाऱ्यांना रक्तानेच दिलेले हे उत्तर होय. समरसता हा केवळ उपदेश नाही. तो शरीरात कोरलेला इतिहास आहे.

तरीही घरातील मृत्यूचे कारण लपविले जाते, कारण मुलामुलींचे विवाह अडतील अशी भीती असते. त्या मौनाचे मोल पुढची पिढी मोजते. कुलमंडळांनी आपल्या संमेलनांत याविषयी निर्भयपणे बोलावे. अकाली मृत्यू घडलेल्या घरातील सख्ख्या नातलगांनी ईसीजी व इकोकार्डिओग्राम करून घ्यावेत. आरोग्याच्या नोंदी प्रत्येक कुटुंबाने स्वतःपाशी गोपनीय राखाव्यात, पण राखाव्यात जरूर. जनुकीय तपासणी व समुपदेशन जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचविण्याचे दायित्व शासनाचे.

पूर्वजांचे ऋण केवळ श्राद्ध-तर्पणाने फिटत नाही. त्यांच्या वंशजांना जगविणे हाही कुलधर्मच आहे.