ढोलकीला सुपारी, डफाला कोठडी

पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाफडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावच्या यात्रा कमिट्या येतात, सुपारी देतात. ढोलकीला कुणाची ना नाही. विठाबाईला टाळ्या ह्याच मुलखानं दिल्या. अन् म्हातारपणी हलाखी.

पण शाहीर प्रश्न विचारू लागला की? आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) बघा, दोस्तहो. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळ्यांनी दहा जण मेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेनं फास घेतला. पुढं पुण्यातली कबीर कला मंचाची पोरं डफ उचलतात. गोदीतली पाळी संपवून बघितला, झोपच उडाली. त्यातलेच शीतल साठे, सचिन माळी २०१३ला विधानभवनासमोर स्वतः हजर झाले, अन् आत गेले.

कमिटीवाल्यांनो, तमाशाच्या त्याच मैदानात ह्याचा पडदा लावा. तीनेक तास लागतील. बघू कोण उठतं.