शेवाळ मारायचे की त्याचा खुराक तोडायचा?

मंडळी, दुष्काळी सांगोल्यातल्या निवृत्त मास्तराने खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांवर लिहावे, हे वाचून नातेवाईक हसतील. हसू द्या!

माझा नातू अमेरिकेत असतो. त्याच्या घरी दोन फुटी काचेच्या टाकीत प्रवाळ आणि चार छोटे मासे आहेत. (आपल्याकडे दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा कोणी अनुकरण करू नये.) अशा टाकीत हिरवे, केसाळ शेवाळ माजले की ते प्रवाळांवर चढते आणि माणूस औषध शोधू लागतो.

आपल्याकडे शेततळे हिरवे झाले की डाळिंबवाले मोरचूद टाकतात. टाकीत तो टाकला तर गोगलगायी, कोळंब्या आणि प्रवाळही जातील. बरे, तळ्यात तरी काय साधते? शेवाळ मरते, तळाशी बसून कुजते, त्यातले नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात उतरते आणि त्यावर नवे शेवाळ उठते.

माझे मत असे, की शेवाळाकडे पाण्याचा जमाखर्च म्हणून पाहावे. माशांचे खाद्य, त्यांची विष्ठा आणि नळाच्या पाण्यातून येणारे क्षार ही जमा. दर आठवड्याला थोडे पाणी बदलणे, शेवाळ हाताने उपटून बाहेर टाकणे हा खर्च. जमा वाढली की पाणी हिरवे होणारच. मग आधी खाद्याची चिमूट लहान करावी, दिव्याचे तास कमी करावेत.

मात्र जमा शून्यावरही आणू नये. प्रवाळाच्या अंगात राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवते आणि त्यालाही नत्र-स्फुरद लागतेच. ते अजिबात मिळाले नाही तर प्रवाळ फिके पडतात. अमेरिकन शास्त्रज्ञ अल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ साली दाखवले, की समुद्रातल्या तरंगत्या सूक्ष्म जीवांत नत्र आणि स्फुरद यांचे एक ठरावीक प्रमाण असते. ते साधारण १६ अणूंना १ असे धरतात. म्हणजे प्रश्न प्रमाणाचा आहे.

आता हीच टाकी ११७ टीएमसीची करून पाहा. ती आपली उजनी! पुणे-पिंपरी चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून तिच्यात येते, शिवाय शेतातली खते. उन्हाळ्यात पाणी हिरवे दिसते. सोलापूर शहर ते पाणी पिते, खाली पंढरपूर-सांगोल्यालाही भीमेचाच आधार. काही निळ्या-हिरव्या शेवाळांचे विष पाणी उकळूनही जात नाही, आणि पेशी मारल्या की ते उलट पाण्यात सुटते. म्हणून धरणाच्या तोंडाशी औषधे ओतण्यापेक्षा वरच्या शहरांनी सांडपाणी पूर्ण शुद्ध करूनच सोडावे, आणि आपणही माती तपासून मोजके खत टाकावे.

दोन फुटी टाकीत चिमूटभर खाद्याचा हिशेब ठेवावा लागतो. मग आपल्या पिण्याच्या पाण्याचा हिशेब कोणी ठेवायचा? तुम्हाला काय वाटते, जरूर लिहा.