विद्यार्थ्यांचे कपडे आणि कामगारांचा हिशेब



जून-जुलै आला की प्रवेश फी, वसतिगृह व पुस्तके यांच्या जोडीला कपड्यांचा खर्च आपल्या घरात उभा राहतो. ट्रॅकमनचा मुलगा, पोस्टमनची मुलगी विद्यापीठात जाते, ही चळवळीला अभिमानाची गोष्ट आहे. चारचौघांत आपण कमी दिसू नये असे त्या मुलांना वाटते, यात गैर काही नाही. पण या भावनेचा बाजाराने धंदा मांडला आहे. मोबाइलवर रोज नवी जाहिरात, रोज नवा सेल, वर "आता घ्या, पैसे हप्त्याने द्या" हे आमिष. म्हणून हा प्रश्न केवळ घरगुती नाही, संघटनेचाही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम हिशेब पाहू. समजा, 300 रुपयांचा शर्ट सहा वेळा घातल्यावर विटला. एका वापराला 50 रुपये पडले. चांगल्या सुती कापडाचा शर्ट शिलाईसह 900 रुपयांना पडला आणि 90 वेळा वापरला, तर एका वापराला 10 रुपये पडले. स्वस्त कोणता, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

कापड पारखणे आपल्याला नवे नाही. पूर्वी गणवेशाचे कापड हाती आले की पोत बोटांनी तपासूनच आपण ते शिंप्याकडे देत असू. सातव्या वेतन आयोगानंतर 1 जुलै 2017 पासून ठोक गणवेश भत्ता आला, तेव्हापासून तर निवडही आपलीच झाली. हीच नजर मुलांना द्यावी. कापड उजेडासमोर धरून वीण पाहावी. शिवणीत माया सोडली आहे का, काज-बटण पक्के आहे का, हे तपासावे. माया असेल तर कपडा पुढे सैल करता येतो व धाकट्या भावंडाच्याही कामी येतो.

दुसरा हिशेब माणसांचा आहे. 24 एप्रिल 2013 रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. 1,100 हून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य कपडे शिवणारे कामगार होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यांवरची दुकाने व बँक बंद झाली, शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर चढवण्यात आले. तेथे परदेशातील नामांकित कंपन्यांचे कपडे शिवले जात होते. म्हणजे महागडी चिठ्ठी लावलेला कपडा न्यायाने शिवला गेला असेल, याची हमी नाही.

आपल्या देशातही हेच घडते. तिरुपूरच्या रंगाई कारखान्यांच्या सांडपाण्याने नोय्यल नदी नासली. अखेर जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. नदी गेली ती शेतकऱ्याची, रोजी गेली ती कामगाराची. पॉलिस्टरचे मूळ खनिज तेलात आहे. ते कुजत नाही आणि धुताना त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात. चार वेळा घालून फेकलेल्या कपड्याचा भार असा सर्वांवर पडतो.

कोणी विचारील, लोकांनी कमी कपडे घेतले तर शिलाई कामगाराची रोजी जाणार नाही काय? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, रोजी टिकते ती दामाने आणि हक्काने. 1982 च्या गिरणी संपातील सुमारे अडीच लाख कामगारांच्या नशिबी काय आले, हे मराठी कामगाराला सांगायला नको. गिरण्या गेल्या, काम यंत्रमागांच्या असंघटित शेडांत गेले. स्वस्त कापडाच्या शर्यतीत तेथील कामगाराची मजुरी वाढत नाही. उलट शिंपी, रफूवाला, विणकर यांना काम दिले, तर पैसा थेट कष्टकऱ्याच्या हाती जातो.

मग करावे काय? वर्षाला एकमेकांवर चालतील असे मोजकेच जोड घ्यावेत. त्यांत एखादा कुर्ता हातमागाचा असावा. इटारसीकडच्या साथींना महेश्वर आहे, सिकंदराबादकडच्यांना पोचमपल्ली. उसवलेले त्याच आठवड्यात शिवावे. रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळवावेत. मुलाखतीचा कोट एका दिवसासाठी विकत घेऊ नये, मागून न्यावा. जुना कपडा बोहारणीला देणे, त्याची गोधडी शिवणे हे आपल्या आया करीतच आल्या. त्यात लाज कसली?

शाखांना आमची सूचना आहे. दरवर्षी मे अखेर रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा युनियन कार्यालयात कपड्यांच्या देवाणघेवाणीचा दिवस ठेवावा. धुतलेले, इस्त्री केलेले कपडेच घ्यावेत. कोणी दिले, कोणी नेले याची नोंद ठेवू नये, म्हणजे कोणाला संकोच वाटणार नाही. त्याच दिवशी मुलांना राणा प्लाझाची हकिकत सांगावी. अंगावरचा कपडा कोणीतरी पाठ मोडून शिवला आहे, हे कामगाराच्या मुलांना कळले पाहिजे. पुढच्या शाखा सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय अवश्य घ्यावा.